खाजणाच्या मातीवरचा भार

मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गच्या पूर्वेला ठाणे खाडीकाठी मिठागरे पसरलेली आहेत. पावसाळा सरला की आगरी मंडळी बांध दुरुस्त करीत, वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून, धोपटून घट्ट करीत आणि मगच त्यात खाडीचे पाणी घेत. आगरावरूनच त्यांना आगरी हे नाव पडले. तुडवलेला तळ पाणी का धरतो, याचे कारण मातीच्या कणांवरील विद्युतभारात आहे.

खाडीचा गाळ बसाल्टच्या झिजेतून आलेला; त्यात मॉन्टमोरिलोनाइट गटाची चिकणमाती भरपूर. तिच्या स्फटिकात ॲल्युमिनियमच्या काही जागा मॅग्नेशियमने घेतलेल्या असतात. त्यामुळे कणावर कायमचा ऋणभार राहतो आणि तो सोडियम, कॅल्शियमचे धन आयन धरून ठेवतो.

ही धरण्याची शक्ती प्रथम इंग्लंडमध्ये ध्यानात आली. मातीतून अमोनियम सल्फेटचे द्रावण गाळले की अमोनिया मातीत राहतो आणि खाली जिप्सम उतरते, हे थॉम्पसन आणि वे यांनी १८५० मध्ये मांडले. मोजमापाची रूढ रीत त्याच तत्त्वावर उभी आहे: माती अमोनियम ॲसिटेटने भिजवायची, जादा द्रावण धुऊन काढायचे आणि धरलेला अमोनियम मोजायचा. १०० ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइट ८० ते १५० मिलिइक्विव्हॅलंट धरते, केओलिनाइट जेमतेम ३ ते १५. कोकणातल्या जांभ्या मातीची गोष्ट वेगळी. तिच्यातील लोहाच्या ऑक्साइडांवरचा भार आम्लतेनुसार बदलतो. म्हणून तिथे एकाच आकड्यावर विसंबणे चूक ठरते.

गूई (१९१०) आणि चॅपमन (१९१३) यांनी कणाने धरलेल्या आयनांचे गणित मांडले. आयन कणाभोवती ढगासारखे विरळ होत जातात. १९२४ मध्ये स्टर्नने कणाला लगटून बसणाऱ्या थराची त्यात भर घातली. खाजणात, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली येणाऱ्या जमिनीत, शेती का अडते हे या गणिताने उलगडते. खाऱ्या पाण्यात ढग आक्रसतो आणि कण एकत्र येतात. पावसाने मीठ धुतले जाते, पण कणावरचा सोडियम मागे राहतो; मग ढग फुगतो, कण सुटे होतात, छिद्रे बुजतात. जमीन चोपण होते. मिठागराच्या तळाला लाभणारा हा गुण भातशेतीला मारक ठरतो. बांध घालून, उघाडीच्या झडपेने भरतीचे पाणी अडवून कोकणात खाजणे लागवडीखाली आणली गेली. त्यासाठी मुंबई प्रांताने १९४८ मध्ये खारभूमी कायदा केला. पण केवळ समुद्र अडवून चोपण सुटत नाही. सोडियमच्या जागी दुहेरी भाराचा कॅल्शियम आणावा लागतो आणि त्यासाठी जिप्सम घालून निचरा राखावा लागतो.