मनोरुग्णांची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांच्या गरजा

स्किझोफ्रेनियासारखा गंभीर मानसिक आजार झालेल्या बहुसंख्य भारतीय रुग्णांचा सांभाळ रुग्णालयात नव्हे, तर घरीच होतो. उपचारांचा मोठा भार कुटुंबीय उचलतात. मात्र त्यांच्या स्वतःच्या गरजांकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

चंदीगढच्या पूर्वेकडील मनीमाजरा हे याचे उदाहरण मानता येईल. 'पीजीआय' ही नामवंत वैद्यकीय संस्था याच शहरात, पण दुसऱ्या टोकाला आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला रुग्णाला तेथे नेण्यासाठी एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. पंजाबसह १२ राज्यांत २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, उपचार आणि प्रवास यांवर कुटुंबांना दरमहा सुमारे १००० ते १५०० रुपये खर्च करावे लागत होते.

कुटुंबाला उपचारांत सहभागी करून घेण्याची परंपरा या भागात जुनी आहे. डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू उभारून नातेवाइकांना रुग्णांसोबत राहू दिले. पीजीआयमध्ये डॉ. एन. एन. विग यांनी १९६३ मध्ये मनोविकार विभाग सुरू केला. चंदीगढमधील रुग्णांचे नातेवाईक लंडनमधील नातेवाइकांपेक्षा रुग्णावर कमी टीका करतात, असे १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. कुटुंबाचे बळ त्यातून दिसले. परंतु त्या बळालाही मर्यादा असतात.

पै आणि कपूर या संशोधकांनी कुटुंबावरील भार मोजण्यासाठी १९८१ मध्ये एक मापनपद्धती तयार केली. आर्थिक स्थिती, दैनंदिन व्यवहार, विरंगुळा, परस्परसंबंध, शारीरिक आरोग्य आणि मानसिक आरोग्य या सहा बाबींचा तीत विचार होतो. कुटुंबीयांच्या गरजाही याच स्वरूपाच्या आहेत. आजाराची सोप्या भाषेत माहिती, रुग्णाने औषध नाकारल्यास किंवा तो हिंसक झाल्यास तातडीची मदत, अधूनमधून विश्रांती आणि समदुःखी लोकांशी बोलण्याची संधी त्यांना हवी असते. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था अशा स्वमदत गटांसाठी ओळखली जाते. तिचे संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणात हा अनुभव स्वतः घेतला होता.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा आणि निवाऱ्याच्या सोयी पुरवणे ही सरकारची जबाबदारी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो. त्याचा लाभ कुटुंबीयांनाही घेता येतो.

वृद्ध आईवडिलांची सर्वांत मोठी चिंता मात्र 'आमच्यानंतर काय?' हीच असते. पालकत्वाची सोय करणाऱ्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात मानसिक आजाराचा समावेश नाही. त्यामुळे आधारगृहे आणि कायदेशीर मार्गदर्शन यांची व्यवस्था आईवडील हयात असतानाच होणे आवश्यक आहे.