पोत्यातला पुरावा : पशुखाद्याच्या नमुन्याची गोष्ट



निफाडमध्ये व्याख्यानाला उभं राहायचं म्हटलं की आधी न्यायमूर्ती रानड्यांची आठवण होते. 1842 साली त्यांचा जन्म इथं झाला आणि पुण्याची वसंत व्याख्यानमाला 1875 मध्ये सुरू झाली ती त्यांच्याच पुढाकारानं. न्यायाधीशाच्या जन्मगावी आज आपण पुराव्याविषयीच बोलणार आहोत. पण हा पुरावा कोर्टाच्या कपाटातला नाही, तर गोठ्याच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या पोत्यातला आहे. सरकी पेंड म्हणा, कांडी म्हणा, मक्याचा भरडा म्हणा. त्या पोत्यातून नमुना कोणी काढायचा, कसा काढायचा, त्याचे भाग किती करायचे, हा आजचा विषय.

विषय रुक्ष वाटेल. म्हणून आधी एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू. संकलन केंद्रावर दूध परत येतं. सांगितलं जातं, "दुधात अफ्लाटॉक्सिन जास्त आहे." शेतकरी म्हणतो, "मी थेंबभर पाणीसुद्धा घातलेलं नाही." तो खरंच बोलतोय. कारण हे विष दुधात कोणी मिसळत नाही. ते बुरशीतून खाद्यात येतं, खाद्यातून गाईच्या पोटात जातं आणि तिथून दुधात उतरतं. आता त्यानं पोत्याकडे बोट दाखवावं, तर पोतं कधीच संपलेलं असतं. दुधाचा नमुना आहे, खाद्याचा नाही. दोष ज्याच्या हातात कॅन होता त्याच्यावर येतो. ही परिस्थिती कशी तयार झाली, ते आपण बघू.

सुरुवात जरा लांबून, इंग्लंडमधून करावी लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथले शेतकरी जनावरांसाठी जवसाची पेंड मोठ्या प्रमाणावर विकत घेऊ लागले. घरची वैरण होती तोवर फसवणुकीचा प्रश्न नव्हता. बाजारची पेंड आली आणि तिच्यात भुसा, तणांचं बी, वाळूही यायला लागली. दळून, दाबून केलेल्या वडीत काय आहे ते डोळ्यांना कसं दिसणार? तिथल्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ ऑगस्टस व्होल्कर यांनी वर्षानुवर्षं अशा पेंडी आणि खतं तपासून त्यांची भेसळ उघड केली. 1884 मध्ये ते वारले. त्यांचा मुलगा जॉन ऑगस्टस व्होल्कर हाही रसायनतज्ज्ञ. 1889 मध्ये तो हिंदुस्थानात आला, देशभर फिरला आणि भारतीय शेतीच्या सुधारणेवरचा त्याचा प्रसिद्ध अहवाल 1893 साली छापला गेला.

नेमक्या त्याच 1893 साली ब्रिटनमध्ये खतं आणि पशुखाद्य यांचा कायदा झाला. विक्रेत्यानं माल काय आहे ते बिलावर लिहून द्यायचं, आणि संशय आला तर खरेदीदाराला जिल्ह्याच्या सरकारी विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येईल, असा त्याचा गाभा होता. म्हणजे तिकडच्या शेतकऱ्याला कायदा मिळाला, इकडच्याला अहवाल. व्होल्करला दोष द्यायचा नाही. त्याचा अहवाल आजही वाचण्यासारखा आहे. पण पेंड विकत घेणाऱ्याला हक्क हवा, हा विचार आपल्याकडे बोटीतून उतरलाच नाही.

आता तपासणीचा भाग. प्रथिनं मोजायची जुनी पद्धत योहान केल्डाल या डॅनिश रसायनतज्ज्ञानं 1883 मध्ये दिली. तो प्रथिनं थेट मोजत नाही. नायट्रोजन मोजतो आणि त्याला 6.25 नं गुणतो. पद्धत चांगली आहे, जगभर चालते, पण तिला एक भोक आहे. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो. गुणाकार करून बघा: एक किलो युरिया म्हणजे कागदावर जवळजवळ पावणेतीन-तीन किलो प्रथिनं! म्हणून भारतीय मानकात, म्हणजे गाईम्हशींच्या मिश्र खाद्याच्या आयएस 2052 मध्ये, नुसती प्रथिनांची अट पुरत नाही, युरियाची मर्यादाही घालावी लागते. 2007 मध्ये अमेरिकेत कुत्र्यामांजरांच्या खाद्यात आणि 2008 मध्ये चीनमध्ये लहान मुलांच्या दूध पावडरीत मेलामाईन सापडलं. युक्ती हीच होती. नायट्रोजन वाढवा, प्रथिनं आपोआप वाढलेली दिसतात. नियम काय मोजतो ते भेसळ करणारा आपल्याआधी वाचतो, हे इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतं.

दुसरं वळण 1960 चं. इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. रोग कोणता ते कळेना. शोध घेता घेता बोट गेलं ते ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीकडे. तिच्यात अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी होती आणि तिच्या विषाला नाव पडलं अफ्लाटॉक्सिन. आपल्याकडे हे लांबचं वाटत होतं. मग 1974 साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात आदिवासी गावांमध्ये काविळीसारखा आजार पसरला. पावसात भिजलेला, बुरशी लागलेला मका लोकांनी खाल्ला होता. 397 आजाऱ्यांपैकी 106 जण दगावले. त्या घरांमधली कुत्रीही मेली.

मका आपल्याही तालुक्यात होतो, लासलगावच्या बाजारात येतो, आणि जिल्ह्यातल्या कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात जातो. काढणीच्या वेळी परतीचा पाऊस गाठतो, ओला माल ढिगाला लागतो. पुढचं सांगायला नको.

आता जरा हिशेब करू. गाईनं खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिन बी-1 पैकी साधारण एक ते तीन टक्के दुधात एम-1 या रूपात उतरतं. मानकाची मर्यादा आहे किलोला 20 मायक्रोग्रॅम. गाय पाच किलो खाद्य खाते आणि दहा लिटर दूध देते असं धरा. मर्यादेतलं खाद्य असेल तर पोटात 100 मायक्रोग्रॅम गेलं. दोन टक्के धरले तर दुधात दोन उतरलं, म्हणजे लिटरला 0.2. आपल्याकडे दुधाची मर्यादा 0.5 आहे, दूध पास. आता तेच खाद्य किलोला 100 मायक्रोग्रॅमचं निघालं, तर दुधात लिटरला 1.0 होतं. मर्यादेच्या दुप्पट. उकळून ते जात नाही. खाद्य बदललं तर मात्र थोड्या दिवसांत दूध निवळतं. म्हणजे दुधाची किल्ली खाद्यात आहे.

मग खाद्य तपासा, झालं! तर नाही. इथंच नमुन्याचा प्रश्न येतो. बुरशी सगळीकडे सारखी पसरत नाही. हजार दाणे स्वच्छ आणि एक दाणा विषानं भरलेला, असं असतं. तुम्ही मूठ घातली आणि तो दाणा मुठीत आला नाही, तर प्रयोगशाळा कितीही भारी असो, अहवाल "ठीक" येणार. आला, तर अख्खा ट्रक वाईट ठरणार. यंत्राच्या चुकीपेक्षा मुठीची चूक मोठी असते.

हे आपल्याला खरं तर माहीत आहे. मातीचा नमुना आपण कसा घेतो? नागमोडी चालत ठिकठिकाणी खड्डे घेतो, माती एकत्र करतो, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून देतो, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करतो. खाद्याच्या नमुन्याचे नियम याच जातीचे आहेत. युरोपीय देशांनी 1976 मध्ये सरकारी तपासणीसाठी पशुखाद्याचे नमुने काढायची एकच पद्धत ठरवली. चारपर्यंत पोती असतील तर प्रत्येकातून घ्या. सोळापर्यंत असतील तर चारांतून. त्याहून जास्त असतील तर पोत्यांच्या संख्येचं वर्गमूळ काढा. टेम्पोत 64 पोती असतील तर आठांतून, ट्रकमध्ये 400 असतील तर विसांतून. मग सगळं मिसळा, कमी करा, भाग करा, सील लावा.

भाग का करायचे? कारण नमुना एकाच्याच ताब्यात राहिला तर तो पुरावा होत नाही. ब्रिटनच्या 1875 च्या अन्न-औषध कायद्यात नमुन्याचे तीन भाग सांगितले होते. आपल्या 1954 च्या अन्नभेसळ कायद्यातही तीन. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात चार झाले, म्हणजे व्यावसायिकाला हवं तर स्वतंत्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एक भाग पाठवता येतो. एक भाग आरोप करणाऱ्याचा, एक आपला, एक वाद झाला तर उघडायचा. रानड्यांच्या गावात हे समजावून सांगायची गरज नाही.

आता आपल्या कृषी सेवा केंद्रात जाऊ. खताच्या गोणीला 1985 चा खत नियंत्रण आदेश लागू आहे. बियाण्याच्या पिशवीला 1966 चा कायदा, औषधाच्या बाटलीला 1968 चा. तिन्हींना निरीक्षक आहेत, तिन्हींचा नमुना काढण्याची रीत लिहिलेली आहे. त्याच दुकानात चौथं पोतं असतं पशुखाद्याचं. त्याचं काय?

1955 चा जीवनावश्यक वस्तू कायदा उघडून बघा. वस्तूंच्या यादीत पहिलंच नाव होतं गुरांच्या चाऱ्याचं, पेंड आणि इतर खुराकासह. खत नियंत्रण आदेश याच कायद्याखाली निघाला. तसाच आदेश देशभरासाठी पशुखाद्याचाही निघू शकला असता. पण 2006 च्या दुरुस्तीनं यादी आखूड केली. खत राहिलं, चाऱ्याचं बियाणंही राहिलं. चारा आणि पेंड हे कलम मात्र गेलं. आणि त्याच 2006 साली अन्न सुरक्षा कायदा झाला. त्यात "अन्न" या शब्दाची व्याख्या करताना स्पष्ट लिहिलं की पशुखाद्य अन्नात धरायचं नाही. एकाच वर्षात पोतं दोन्ही दारांतून बाहेर पडलं. कोणी कट केला असं आम्ही म्हणत नाही. दोन खात्यांनी दोन वेगळ्या कारणांनी दोन वाक्यं लिहिली, आणि मधली जागा रिकामी राहिली. काही राज्यांनी आपापले आदेश काढले, पण खतासारखा देशभर लागू होणारा स्वतंत्र कायदा पशुखाद्याला मिळाला नाही.

त्याचं फळ 2018 च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात दिसलं. 6,432 नमुन्यांपैकी 368 मध्ये, म्हणजे 5.7 टक्क्यांत, अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त निघालं. अन्न सुरक्षा प्राधिकरणानंच म्हटलं की हे खाद्य आणि चाऱ्यातून येतं. मग जानेवारी 2020 मध्ये प्राधिकरणानं निर्देश काढला की दुधामांसाच्या जनावरांचं व्यापारी खाद्य भारतीय मानकाप्रमाणे हवं आणि त्यावर मानक चिन्ह हवं. नंतर मुदत वाढवावी लागली. ज्या वस्तूला कायद्यानं अन्न मानलेलं नाही, तिला अन्नाच्या कायद्यानं बांधायचं म्हणजे दोरी आखूड पडणारच.

"हे नियम आपल्याला झेपतील का?" असं कोणी विचारेल. निफाडकरानं तरी विचारू नये. द्राक्षांचं आठवा. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या बागेची नोंदणी होते, नमुना बागायतदार स्वतः नेऊन देत नाही, प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन काढतो. आणि तरीही 2010 मध्ये काय झालं? क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला म्हणून युरोपात माल अडकला, आणि त्याची झळ इथल्या घराघरांत पोचली. द्राक्षं तपासूनच गेली होती. पण तपासणीच्या यादीत ते नावच नव्हतं. पुढच्या हंगामापासून यादीत नाव आलं, शेतकऱ्यांनी छाटणीनंतरच्या सवयी बदलल्या, आणि द्राक्षं पुन्हा गेली. म्हणजे नियम झेपतो. परदेशी गिऱ्हाईक मागतं म्हणून द्राक्षाला झेपला. आपल्याच पोरांच्या पेल्यातल्या दुधासाठी कोण मागणार, एवढाच प्रश्न आहे.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हातात काय आहे? एकट्यानं नाही, पण गावच्या दूध संस्थेनं एकत्र गाडी मागवली तर पुष्कळ करता येतं. गाडी उतरताना, विक्रेत्याचा माणूस समोर असतानाच, वर्गमुळाच्या हिशेबानं पोती निवडा. पोकळ नळी वर, मध्ये, खाली घालून माल काढा, मिसळा, मातीसारखे चार भाग करत कमी करा. कोरड्या पिशव्यांत तीन भाग, तिन्हींवर तारीख, बॅच नंबर आणि दोघांच्या सह्या. एक त्याला द्या, एक तपासायला पाठवा, एक कोरड्या जागी ठेवा. बिल आणि पोत्याचं लेबल फेकू नका. दूध परत आलं तर त्या दिवशी तुमच्याकडे नुसतं "मी काही केलं नाही" एवढंच वाक्य नसेल.

इतिहासातून आम्हाला एवढंच दिसलं: पेंड विकत घेणाऱ्याला हक्क मिळाला तो नमुना त्याच्याही हातात आला तेव्हा. आपल्या हातात अजून रिकामं पोतंच आहे. ते रिकामं व्हायच्या आधी त्यातलं अर्धा किलो बाजूला काढून ठेवू या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.