प्लिनीची उन्हाळी पंगत

उन्हाळा सुरू झाला की आमच्या घरातल्या तरुण मंडळींच्या शनिवार-रविवारच्या बैठकी सुरू होतात. गच्चीवर चार खुर्च्या, थंड केलेली नाशिकची पांढरी वाइन, चीज, काकडी, ऑलिव्ह... आणि मग कुठल्या पदार्थाबरोबर कुठली वाइन चालते यावर अर्धा तास चर्चा. मी वाइन घेत नाही, त्यामुळे माझा वाटा ऐकण्यापुरताच. पण इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे हे सगळं ऐकताना मला हटकून एक रोमन गृहस्थ आठवतो. धाकटा प्लिनी.

याचा जन्म इ.स. 61 च्या सुमाराचा, उत्तर इटलीत कोमो सरोवराच्या काठचा. पेशाने वकील, पुढे इ.स. 100 मध्ये रोमचा कॉन्सल झाला. व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा, म्हणजे इ.स. 79 मध्ये, ज्याचा मृत्यू झाला तो थोरला प्लिनी याचा सख्खा मामा. मामाने मृत्युपत्रात भाच्याला दत्तक घेतलं, म्हणून दोघांचं नाव एक. धाकट्याने मित्रांना लिहिलेली पत्रं सुदैवाने शिल्लक राहिली आहेत. त्यात राजकारण आहे, खटले आहेत, आणि जेवणावळीही आहेत.

एक पत्र सेप्टिसियस क्लारस नावाच्या मित्राला आहे. हा मित्र जेवायला येतो म्हणाला आणि आलाच नाही! प्लिनी लटक्या रागाने त्याला हिशेब पाठवतो. माणशी एक लेट्यूसचा गड्डा, तीन गोगलगायी, दोन अंडी, भरडलेल्या धान्याच्या लापशीसारखा एक पदार्थ, आणि त्याबरोबर मध घातलेली वाइन, बर्फाने गार केलेली. शिवाय ऑलिव्ह, बीट, भोपळ्याच्या जातीच्या भाज्या, कांदे. बर्फाचे पैसे तर आधी भर, म्हणतो, कारण तो ताटातच वितळून गेला. जेवणानंतर वाचन किंवा वीणावादन किंवा नाटुकल्याचा प्रवेश, जे तुला हवं ते. आणि तू मात्र कुणा दुसऱ्याकडे कालवं खायला आणि स्पेनच्या नर्तकी बघायला गेलास!

गोगलगायी सोडल्या तर हा बेत आपल्या उन्हाळ्यालाही शोभेल. हलकं, गार, थोडं खारट, थोडं गोड. मधाच्या त्या वाइनला 'मुल्सुम' म्हणत आणि ती जेवणाच्या सुरुवातीच्या पदार्थांबरोबरच द्यायची रीत होती. आजची मंडळी ज्याला पेअरिंग म्हणतात ते हेच की. पुढच्या जेवणाबरोबरची वाइन पाणी मिसळून पीत. नुसती पिणं अडाणीपणाचं समजत. बर्फ डोंगरावरून आणून, खड्ड्यात पेंढ्याखाली दाबून उन्हाळ्यापर्यंत टिकवत, म्हणून तो महाग.

याच शतकात इटलीची वाइन आपल्याकडेही येत होती, हे अनेकांना ठाऊक नसतं. 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या प्रवास-व्यापाराच्या पुस्तकात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत वाइन आहे, आणि त्यातही इटलीची अधिक पसंत, असं लिहिलेलं आहे. त्याच पुस्तकात भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला तेर दहा दिवसांवर असल्याची नोंद आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी 1954 ते 1956 या काळात नेवाशाला उत्खनन केलं. वाइन ज्या उंच, दोन कानांच्या रांजणांतून यायची त्यांना अँफोरा म्हणतात. त्यांचे तुकडे तिथे मिळाले. (भारतात सापडलेले असे काही तुकडे रोमचे नसून इराणी आखाताकडचे, आतून डांबर लावलेल्या रांजणांचे आहेत, असं अलीकडच्या संशोधनात दिसलं आहे. इतिहासात असं होतच असतं.)

आता प्लिनीकडे परत येते. त्याचं टस्कनीत एक मळ्यातलं घर होतं. तिथल्या उन्हाळी बैठकीचं वर्णन त्याने दुसऱ्या एका पत्रात केलं आहे. संगमरवरी अर्धगोल आसन, वर चार खांबांवर चढवलेला द्राक्षाचा वेल. आसनाखालून पाण्याच्या धारा अशा यायच्या की बसणाऱ्यांच्या वजनानेच पाणी पिळून निघतंय असं वाटावं. समोर पाण्याने भरलेला हौद. जड भांडी काठावर ठेवायची आणि हलकी भांडी, नावेच्या नाहीतर पक्ष्याच्या आकाराची, पाण्यावर तरंगत सोडायची! वाचून मला आमच्या वाड्यातल्या हौदाची आठवण झाली. आम्ही त्यात कलिंगड सोडत असू.

पण मला जे सांगायचं आहे ते तिसऱ्या पत्रात आहे. ते अव्हिटस नावाच्या एका तरुण मित्राला लिहिलेलं आहे. प्लिनी एका फारशा ओळखीच्या नसलेल्या माणसाकडे जेवायला गेला होता. यजमानाने स्वतःपुढे आणि दोन-चार मोठ्यांपुढे उत्तम पदार्थ ठेवले, बाकीच्यांना तुकडे-ताकडे. वाइनच्या तर छोट्या छोट्या कुप्या, तीन प्रतींच्या. एक स्वतःसाठी आणि प्लिनीसारख्यांसाठी, एक कमी दर्जाच्या मित्रांसाठी, आणि एक मुक्त केलेल्या गुलामांसाठी. शेजारी बसलेल्याने विचारलं, तुम्हाला हे पटतं का? प्लिनी नाही म्हणाला. मी सगळ्यांना एकच वाढतो, कारण मी जेवायला बोलावतो, प्रत लावायला नाही. मग खर्च फार येत असेल? मुळीच नाही. ते माझी वाइन पीत नाहीत, मी त्यांची पितो!

हा प्रकार एका यजमानापुरता नव्हता. मार्शल नावाचा कवी त्याच काळात कुरकुर करतो की आमंत्रण एक, पण तू कालवं खातोस आणि मला हलके शिंपले. थोरल्या प्लिनीनेही आपल्या ग्रंथात द्राक्षांवर आणि वाइनवर लिहिताना केटोचा दाखला दिला आहे. स्पेनच्या मोहिमेवर जाताना केटो वल्हेकऱ्यांना मिळे तीच वाइन प्यायला. आणि आजचे यजमान बघा, पाहुण्याला एक देतात आणि स्वतः दुसरी घेतात, असं मामा लिहून गेले. भाच्याने धडा घरातच घेतला असावा.

आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एका पंगतीत बसलेल्यांना वेगवेगळं वाढणं. एकाच्या पानावर तुपाची धार, दुसऱ्याच्या पानावर थेंब. वाढणारा आपला असला की पंगतीच्या शेवटी बसलं तरी चालतं, ही म्हण काही उगीच झालेली नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यातलं आदरातिथ्य म्हणजे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. वाटलेली डाळ आणि पन्हं, भिजवलेले हरभरे. हीसुद्धा जोडी कुणीतरी विचार करून लावलेली. कैरीचा आंबटपणा दोन्हीत, पण डाळीत मिरची-मोहरीची फोडणी, पन्ह्यात गूळ-वेलदोडा. तिखट घासावर गोड घोट. बैठकीत पन्हं सगळ्यांना एकच, एकाच माठातलं. पंक्तिप्रपंच नव्हता असं मला बरीच वर्षं वाटे.

पण ती डाळ वाटायची आणि कैऱ्या उकडून कुस्करायची माझी आत्या. ती विसाव्या वर्षी विधवा झाली होती. पहाटेपासून माजघरात राबायची, पन्ह्याची चव तिच्याच हातची. दुपारी बायका आल्या की ती बाहेर येत नसे. तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावत नसे, पन्ह्याचं फुलपात्रही आतच जायचं, सगळ्या निघून गेल्यावर. कुणी दुष्टपणाने वागत नव्हतं. रीतच होती. आणि दारातून आत न येणाऱ्या कामकरणीचं पन्हं वेगळ्या भांड्यात, तेही वरून ओतलेलं.

प्लिनीच्या पत्रांतही असंच एक माजघर आहे. मुक्त झालेल्या गुलामांना त्याने बरोबरीने वाढलं, हे खरंच मोठं. पण ज्यांना मुक्ती मिळालेली नव्हती असे शेकडो गुलाम त्याच्या मालकीचे होते. त्या हौदात भांडी सोडणारे, बर्फ गाळणारे, वाइनमध्ये पाणी मिसळणारे हात कुणाचे होते, ते पत्रात नाही. पंगत समान झाली, पण पंगतीत कोण बसणार हा प्रश्न राहिलाच.

म्हणून कुणी मला विचारलं की उन्हाळ्यात पाहुणे आले तर काय द्यावं, तर मी म्हणते, जे परवडेल ते एक ठरवा आणि तेच सगळ्यांना द्या. वाइन आणलीत तर भारी बाटली मोजक्यांसाठी मागे ठेवू नका. न पिणाऱ्यासाठी पन्हं करा, आणि तेही तितकंच गार, तशाच काचेच्या पेल्यात. कोपऱ्यातली कोमट सरबताची बाटली त्याच्या हाती देऊ नका. आणि ज्या बाई सकाळपासून कांदा-काकडी चिरत होत्या त्यांना ताट घरी नेऊ देण्याऐवजी, त्यांची इच्छा असेल तर, आधी खुर्ची द्या.

असो. तुमच्या घरी चैत्रगौरीला कोण कुठे बसत असे, कोण बाहेर येत नसे, हे आठवत असेल तर लिहून ठेवा. डाळ-पन्ह्याची कृती पुढच्या पिढीला कुठेही मिळेल, हे मिळणार नाही.