गिअरबॉक्सला कोणी कळवलं?

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका मित्राने सेकंडहँड डिझेल ऑटोमॅटिक गाडी घेतली. १४० अश्वशक्तीची. थोड्याच महिन्यांत त्याच्या डोक्यात रीमॅपचं खूळ शिरलं. इंजिनाच्या कंप्युटरमधले आकडे बदलायचे, टर्बोचा दाब आणि डिझेल जरा वाढवायचं, की त्याच इंजिनातून १८० अश्वशक्ती निघते. त्याने मला विचारलं, कारण मी सॉफ्टवेअरवाला. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "अरे, पार्ट कुठे बदलतोयस? नुसतं सॉफ्टवेअर आहे. नाही आवडलं तर जुनं परत टाक."

सात महिन्यांनी आम्ही साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी घाटात एका ट्रकला ओव्हरटेक करताना त्याने पाय दाबला आणि इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. टॅकोमीटरचा काटा वर, गाडी मात्र जागच्या जागी. मी शेजारच्या सीटवर बसलो होतो.

गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचं तेल काढलं. हे तेल मुळात लालभडक असतं. निघालं ते काळं, करपलेल्या वासाचं. तिथल्या वयस्कर मेकॅनिकना सगळे काका म्हणतात. काकांनी ते बोटावर घेतलं, वास घेतला आणि सगळी हकिगत ऐकून एवढंच विचारलं, "इंजिनाची ताकद वाढवलीत, ते गिअरबॉक्सला कोणी कळवलं?"

मला तो टोमणा वाटला. पण त्यानंतर या विषयावर वाचत गेलो तसं लक्षात आलं, की ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या इतिहासाचा निम्मा भाग तरी याच प्रश्नाभोवती फिरतो.

आधी आत काय असतं ते बघू. मॅन्युअल गाडीत गिअर बदलताना आपण क्लच दाबून इंजिन क्षणभर वेगळं करतो. ऑटोमॅटिकमध्ये ती उसंत नसते. इंजिनामागे टॉर्क कन्व्हर्टर असतो: बंद डब्यात तेल, आणि तेलात समोरासमोर ठेवलेली पाती. एक पातं इंजिन फिरवतं, ते तेल ढकलतं, तेल दुसरं पातं फिरवतं. त्यामागे प्लॅनेटरी गिअर, म्हणजे मधल्या दात्याभोवती ग्रहांसारखे फिरणारे दाते. यातला कोणता भाग धरायचा आणि कोणता सोडायचा, यावर कितवा गिअर लागेल ते ठरतं. आणि हे धरणं-सोडणं करतात छोट्या क्लचप्लेटा आणि पट्टे, तेलाच्या दाबावर.

सगळी गोम या दाबात आहे. प्लेटा किती जोर सहन करतील हे त्यांच्या संख्येवर, आकारावर, घर्षणावर आणि त्यांना दाबून धरणाऱ्या तेलावर अवलंबून असतं. इंजिनाचा जोर त्यापलीकडे गेला की प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात, आणि तापल्या की जळतात. मग दाब कायमचाच भरपूर का ठेवू नये? कारण तसं केलं तर प्रत्येक गिअर धक्का देत पडतो, आणि दाब तयार करणारा पंप इंजिनाची शक्ती विनाकारण खात राहतो. म्हणजे दाब हवा गरजेपुरता. आणि गरज किती आहे, हे गिअरबॉक्सला कोणीतरी सांगायला हवं.

यातली तेलातून शक्ती पोचवण्याची कल्पना जन्मली जहाजासाठी. स्टेटिनच्या व्हल्कन गोदीत काम करणाऱ्या हेर्मान फॉटिंगर या जर्मन इंजिनिअरने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. वाफेचं टर्बाइन वेगात फिरतं, जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरायला हवा, ही त्याची अडचण होती. मोटारीत ही कल्पना मोठ्या प्रमाणावर आली ती जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिकमधून. अर्ल थॉम्पसनच्या गटाने तयार केलेला हा चार गिअरचा बॉक्स १९३९ च्या शेवटी, १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये मिळू लागला. त्याला निरोप पोचवण्याची सोय साधी होती. ॲक्सिलरेटरपासून एक दांडी थेट गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्हपर्यंत. पाय जितका खाली, तितका त्या बाजूचा दाब जास्त. दुसऱ्या बाजूने गाडीच्या वेगाप्रमाणे वाढणारा दाब. या दोघांच्या रस्सीखेचीतून गिअर कधी बदलायचा ते ठरे. कंप्युटरचा पत्ता नसताना तेल, स्प्रिंगा आणि व्हॉल्व्ह मिळून हिशोब करत होते. अशी व्हॉल्व्हची आकृती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती मला छापील सर्किटसारखीच दिसली.

जास्त ताकदीची परीक्षा लगेच आली, तीही युद्धात. एम५ स्टुअर्ट आणि एम२४ शॅफी या अमेरिकी हलक्या रणगाड्यांमध्ये दोन-दोन कॅडिलॅक व्ही८ इंजिनं आणि त्यांच्यामागे हायड्रामॅटिक बसवले होते. युद्धानंतर कंपनीने ही गोष्ट जाहिरातीत मिरवली.

युद्ध संपल्यावर कॅलिफोर्नियात तरुणांनी जुन्या गाड्यांत मोठी इंजिनं टाकून पाव मैलाच्या शर्यती सुरू केल्या. ऑटोमॅटिक त्यांच्या लेखी म्हाताऱ्यांची चैन. हा समज बदलणाऱ्यांत बॉब स्पार आणि मॉर्ट शूमन होते. त्यांनी १९५० च्या दशकात काढलेल्या दुकानाचं नाव दोघांच्या आद्याक्षरांवरून बी अँड एम. त्यांनी हायड्रामॅटिक उघडून दाब वाढवला आणि गिअर कधी बदलायचा हे ड्रायव्हरच्या हाती दिलं. निरोप अचूक पोचवण्याच्या भानगडीत ही मंडळी पडलीच नाहीत. त्यांचं तर्कशास्त्र सरळ होतं: गिअरबॉक्सने कायम सर्वात वाईट परिस्थिती आहे असं समजावं आणि पूर्ण ताकदीने धरावं. धक्के बसले तर बसू देत, शर्यतीत कोणाला झोप काढायचीये?

शर्यतवाल्यांची आणखी एक युक्ती तेलाची होती. जनरल मोटर्सच्या तेलात गिअर मऊ पडावा म्हणून घर्षण कमी करणारं द्रव्य घालत, आणि ते कित्येक वर्षं स्पर्म व्हेलच्या तेलापासून येत असे. म्हणजे अमेरिकन माणसाच्या कॉफीचा कप हिंदकळू नये म्हणून समुद्रात देवमासे मारले जात होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कायद्याने ते थांबलं. शर्यतवाले मात्र त्याआधीही फोर्डचं टाइप एफ तेल ओतायचे. त्यात ते मऊ द्रव्य नसायचं, त्यामुळे प्लेटा कडक पकडत.

कारखान्यांनी दुसरी वाट धरली, ती म्हणजे मुळातच भक्कम बांधणीची. क्रायस्लरचा तीन गिअरचा टॉर्कफ्लाइट १९५६ मध्ये आला. पुढे क्रायस्लरच्याच इंजिनिअरांचा रॅमचार्जर्स नावाचा क्लब तो घेऊन शर्यतीत उतरला आणि ऑटोमॅटिकची टिंगल बंद झाली. १९६४ च्या कॅडिलॅक आणि ब्यूकमध्ये टर्बो हायड्रामॅटिक ४०० आला. हा इतका दणकट, की रोल्स रॉइसने घेतला, जॅग्वारने घेतला, १९७६ मध्ये फेरारीने आपल्या पहिल्या ऑटोमॅटिक गाडीत बसवला, आणि अमेरिकी लष्कराच्या हमवीतही त्याचंच भावंड होतं.

मला त्याच्या दणकटपणाहून त्याची निरोप घेण्याची पद्धत जास्त आवडते. त्याला पायाच्या दांडीऐवजी एक रबरी नळी जोडलेली असे. इंजिनावर बोजा कमी असताना इंजिन जोरात हवा ओढतं आणि नळीत व्हॅक्यूम तयार होतो. बोजा वाढला की व्हॅक्यूम घटतो आणि गिअरबॉक्स दाब वाढवतो. म्हणजे तो ड्रायव्हरच्या इच्छेऐवजी इंजिनाच्या श्वासावर विश्वास ठेवायचा. आणि नळी निसटली तर? व्हॅक्यूम शून्य, म्हणजे पूर्ण बोजा आहे असं समजून तो कडक पकडायचा. प्रवाशांना धक्के बसत, प्लेटा मात्र शाबूत राहत. निरोप आलाच नाही तर सर्वात वाईट गृहीत धरा. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच तत्त्व फार मोठ्या शब्दांत शिकतो.

१९८० च्या दशकात पेट्रोल वाचवण्यासाठी चार गिअरचे हलके बॉक्स आले आणि निरोपाचं काम एका केबलकडे गेलं. थ्रॉटलपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी ही केबल थोडी ढिली लावली तर दाब कमी पडून प्लेटा जळायच्या. तिची खरी मर्यादा ब्यूक ग्रँड नॅशनलमध्ये दिसली. १९८७ च्या या काळ्या गाडीत टर्बो लावलेलं ३.८ लिटरचं व्ही६ इंजिन, २४५ अश्वशक्ती, आणि गिअरबॉक्स फक्त ऑटोमॅटिक. हौशी मालकांना पटकन कळलं, की इंजिनाच्या कंप्युटरमधली चिप बदलली आणि टर्बोचा दाब चढवला की गाडी पिसाटते. पण केबलला दिसतो फक्त पाय. पाय पूर्ण खाली म्हणजे पूर्ण दाब, मग इंजिन २४५ अश्वशक्ती देवो की ४००. टर्बो किती फुगलाय हे केबलला कळायला मार्गच नव्हता. मग मालक गिअरबॉक्स उघडून दाबाचा व्हॉल्व्ह मोठा करायचे, पट्टा आवळणारा पिस्टन मोठा बसवायचे, तेल गार ठेवायला वेगळा कूलर लावायचे. माझ्या मित्राने केलं तेच त्यांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी केलं होतं. फरक एवढाच, की त्यांनी गिअरबॉक्सचाही विचार केला.

पुढे गिअरबॉक्सला स्वतःचा कंप्युटर मिळाला आणि संवाद दोन्ही बाजूंनी सुरू झाला. माझ्या मते या इतिहासातला सर्वात मोठा बदल हाच. आता इंजिनाचा कंप्युटर सेकंदाला कित्येक वेळा सांगतो, "मी इतका टॉर्क देतोय." गिअरबॉक्स त्यानुसार दाब ठरवतो आणि गिअर बदलताना उलट विनंती करतो, "क्षणभर जरा कमी दे." इंजिन ठिणगी किंवा इंधन आवरतं, प्लेटा बदलतात, आणि जोर परत येतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा बॉक्स २००९ मध्ये आला. त्याच्या प्रकारांच्या नावातच क्षमता सांगितलेली असते: ८एचपी४५ म्हणजे साधारण ४५० न्यूटन-मीटर, ८एचपी७० म्हणजे ७००. याच घराण्यातला गिअरबॉक्स २०१८ च्या डॉज डीमनमध्ये होता, शर्यतीचं पेट्रोल घातल्यावर ८४० अश्वशक्तीच्या इंजिनामागे. इतकी ताकद पेलायला लोखंड तगडं लागतंच. पण ती रोज रस्त्यावर पेलता येते, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांशी खरं बोलतात.

हे सगळं वाचल्यावर मी मित्राकडून गाडीच्या जुन्या आणि नव्या सॉफ्टवेअरच्या फाइली घेतल्या आणि समोरासमोर ठेवून पाहिल्या. डिझेलचे आकडे वाढवलेले होते. टर्बोचे वाढवलेले होते. टॉर्क किती होतोय हे सांगणारा तक्ता मात्र जसाच्या तसा होता. इंजिन १८० अश्वशक्तीचा जोर लावत होतं आणि गिअरबॉक्सला सांगत होतं जुनाच आकडा. त्या बिचाऱ्याने ऐकलं तेवढाच दाब लावला. सात महिने प्रत्येक ओव्हरटेकला प्लेटा थोड्या थोड्या घसरत राहिल्या आणि आम्ही म्हणत होतो, काय मस्त पळतेय.

काकांचा प्रश्न टोमणा नव्हता. ते नेमकं निदान होतं, फाइल न उघडता केलेलं.

दुरुस्तीच्या बिलातला अर्धा वाटा मी उचलला. मित्र नको म्हणत होता, पण "नुसतं सॉफ्टवेअर आहे" हे वाक्य माझं होतं. इंजिनाची जुनी फाइल परत टाकायला वीस मिनिटं लागली. क्लचप्लेटा यायला पाच आठवडे लागले.