पगार सरकारचा, नेमणूक संस्थेची: २०१३चा परीक्षा-बहिष्कार

२०१३च्या फेब्रुवारीत माझा आत्तेभाऊ बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता. प्रॅक्टिकल कधी होणार, पेपर कोण तपासणार, कुणालाच सांगता येईना. घरात सगळ्यांचं एकच मत: मास्तरांना पगार कमी पडतो का! पुढे स्वतः पीएच.डी.ला आल्यावर जुने जीआर वाचायला घेतले, तेव्हा भांडण नेमकं कशाचं होतं ते कळलं.

आधी व्यवस्था बघा. आपल्या खामगावचं जी. एस. कॉलेज १९४७चं. आधी ते नागपूर विद्यापीठाला जोडलेलं होतं, १९८३ नंतर अमरावतीला. अशा अनुदानित कॉलेजात नेमणुकीचं पत्र संस्था देते. पगार मात्र शासनाचा, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयामार्फत. कागदावर मालक एक, पैसे देणारा दुसरा, परीक्षा घेणारा तिसरा. वेतनश्रेणीसाठी संस्थेच्या अध्यक्षांशी भांडून काय मिळणार? ती त्यांच्या हातात नाहीच. म्हणून भांडण मंत्रालयाशी आणि हत्यार विद्यापीठाच्या परीक्षेचं. त्यात १९८८मध्ये सुप्रीम कोर्टानं गोव्यातल्या सुंदरांबल खटल्यात शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखालचा 'कामगार' नाही असं ठरवलेलं. तीही वाट बंद.

४ फेब्रुवारी २०१३ला 'एमफुक्टो' या प्राध्यापक महासंघानं परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. एक मागणी सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीची. गंमत इथे आहे. १ जानेवारी २००६ ते ३१ मार्च २०१०चा वाढीव खर्च ८० टक्के केंद्र देणार होतं, पण परतावा म्हणून; राज्यानं आधी खर्च करायचा. राज्य दिल्लीकडे बोट दाखवणार, दिल्ली राज्याकडे. (जेआरएफचे पैसे अडकलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.) दुसरी मागणी १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० दरम्यान लागलेल्या, नेट-सेट नसलेल्या प्राध्यापकांची सेवा धरण्याची.

मे महिन्यात हायकोर्टाच्या हस्तक्षेपानंतर बहिष्कार मिटला. शासनानं ७१ दिवसांचा पगार रोखला. संघटनेचं म्हणणं, आम्ही शिकवणं थांबवलंच नव्हतं. २७ जून २०१३च्या जीआरनं नेट-सेट नसलेल्यांची सेवा धरली, पण जीआरच्या तारखेपासून! वाद पुन्हा कोर्टात.

माझ्या मते एवढं लांबलेलं आंदोलन झेपलं, कारण ते करणाऱ्यांची नोकरी पक्की होती. सातव्या आयोगात केंद्राचा वाटा ५० टक्क्यांवर आला. २०१७मध्ये भरती थांबली. २०२१मध्ये मंजुरी मिळाली ती २,०८८ पदांना. मधली जागा तासिका तत्त्वावरच्या सीएचबी प्राध्यापकांनी भरली. त्यांनी बहिष्कार टाकला तर त्या तासाचे पैसेच बुडतात, आणि पुढच्या जूनमध्ये ऑर्डर निघेल का तेही माहीत नसतं. माझ्या ओळखीचे एक सर सेट होऊन, पीएच.डी. होऊन आठ वर्षं हेच करताहेत. संघटनेच्या सभेला ते मागच्या बाकावर बसतात.