वीस डॉलरचा गुरू

रेडिओ शिकायचा तर कॉइल, कंडेन्सर आणि सोल्डरिंग, हा जुना रिवाज 2012 साली एका स्वस्त टीव्ही डोंगलने मोडला.

रेडिओ संकेतांवर संगणकात प्रक्रिया करणारं ग्नू रेडिओ हे मोफत सॉफ्टवेअर 2001पासून होतं, पण सोबतची उपकरणं शेकडो डॉलरची. मग फिनलंडच्या अँटी पालोसारी यांना दिसलं, की अशा डोंगलमधली रिअलटेकची आरटीएल2832यू चिप एफएमसाठी संकेताचे कच्चे नमुनेच संगणकाकडे पाठवते. ऑस्मोकॉम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मंडळींनी त्यावर सॉफ्टवेअर रचलं.

सेकंदाला वीस लाखांहून अधिक नमुने. प्रत्येकात आठ-आठ बिटांचे दोन आकडे. लागोपाठच्या नमुन्यांतलं कलांतर मोजलं, की एफएमचं गाणं उलगडतं! पुस्तकातलं गणित कानांनी ऐकायला मिळणं, हेच या डोंगलचं मोठं देणं.

आज हौशी मंडळी त्यावर 1090 मेगाहर्ट्झवरचे विमानांचे संदेशही वाचतात.