आखाजीची घागर आणि कापणारे हात

वैशाख तापू लागला की जळगाव-धुळ्याच्या बाजारात कुंभारांच्या लाल घागरी मांडल्या जातात. आखाजी तोंडावर आलेली असते. इतर ठिकाणी अक्षय्य तृतीया सोनंखरेदीचा मुहूर्त असेल. खानदेशात हा दिवस आधी गेलेल्या माणसांचा. पाण्याने भरलेल्या घागरीवर मातीचं छोटं भांडं ठेवतात, त्यावर सांजोरी, आंबे आणि खरबूज, म्हणजे इथलं डांगर. निखाऱ्यावर आगारी, म्हणजे नैवेद्याचा घास, पडते. एकेका पितराचं नाव घेत उंबरठ्यावर कुंकवाचं बोट ओढलं जातं. आजा, पणजा, आजी... नावं मागे मागे जात राहतात.

याच दिवशी सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, साल संपायचं आणि नवं ठरायचं. माहेरवाशिणी यायच्या, निंबाच्या फांद्यांना झोके बांधले जायचे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी (1880–1951) आखाजीवर गाणं रचलं. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी त्यांच्या ओव्या उतरवून ठेवल्या, म्हणून 1952 साली त्या पुस्तकात आल्या. गेलेल्या आईची आठवण महाराष्ट्राने क्वचितच इतकी जपली असेल.

घागरीपुढे नाव घेतलं जातं, पण त्या नावाच्या माणसाची शेवटची वर्षं कशी गेली हे सहसा सांगितलं जात नाही. ‘वयाने हात कापायचे’, ‘वात झाला होता’, एवढ्यावर विषय संपतो. त्यांतल्या काहींना तरी पार्किन्सन्स हा आजार असणार. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचं वर्णन 1817 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांच्यासमोर रुग्ण होते अवघे सहा, त्यांतले काही तर नुसते रस्त्यात पाहिलेले. पुढच्याच वर्षी, 1818 मध्ये, खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला आणि कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला ठाणं केलं. राज्य लगेच पोचलं. त्या आजाराचं निदान गावखेड्यातल्या ओसरीपर्यंत यायला मात्र पिढ्या लागल्या.

निदान नसल्याने काय व्हायचं? आजार बहुधा शरीराच्या एका बाजूने सुरू होतो. थरथर दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी अनेकांचं वासाचं भान जातं. आमरसाचा वाटा समोर असूनही वास येत नाही. मग चाल आखडते, आवाज बारीक होतो, अक्षर लहान होत जातं. चेहऱ्याचे स्नायू ताठरतात आणि आनंद झाला तरी तो चेहऱ्यावर उमटत नाही. घरच्यांना वाटतं, म्हातारा तुसडा झाला, लेक आली तरी हसला नाही. या गैरसमजाचं दुःख थरथरीपेक्षा मोठं आहे. ज्या घरांत असा माणूस होऊन गेला, त्यांनी निदान आता तरी तो राग त्या माणसावरून उतरवायला हवा.

आणि आखाजीचे ते मांडे! खानदेशातला पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत ताटाहून मोठा करायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद सोडायचा. इथे दोन्ही हात एका लयीत चालावे लागतात. पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि नेमकी हीच सहज लय मोडते. आयुष्यभर मांडे करणारी आजी एखाद्या आखाजीपासून खापरापुढे बसेनाशी होते. घरात ती आळसावल्याचं बोललं जातं. सालदाराची गत याहून कठीण असणार, कारण त्याचं पुढचं सालच त्याच्या हातापायांवर ठरायचं.

इलाजाची एक वाट मात्र सातपुड्यातूनच जात होती. झुडपांवर चढणारी, अंगाला लागली की आग करणारी खाजकुइली. आयुर्वेदात ती कपिकच्छू, आणि या आजाराशी मिळताजुळता विकार म्हणजे कंपवात. 1937 मध्ये मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी तिच्या बियांतून लेव्होडोपा वेगळं काढलं. त्याचा पार्किन्सन्सशी संबंध तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी डोपाची मात्रा हळूहळू वाढवत नेऊन रुग्ण हालतेचालते केले, ते 1967 मध्ये. पण म्हणून कुणी जंगलातल्या बिया आणून घरीच कुटून देऊ नयेत. मात्रा चुकली तर हाल होतात, आणि चालू गोळ्यांमध्ये त्याची भर पडते ती वेगळीच.

लेव्होडोपा आजही मुख्य औषध आहे. आजार त्याने बरा होत नाही, हालचाल सुटी होते. मुंबईत 2001 पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी काम करते, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. जेम्स पार्किन्सन यांचा जन्मदिवस, 11 एप्रिल, जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. त्यामागोमाग काही दिवसांत किंवा आठवड्यांत आखाजी येते.

त्या दिवशीच्या पंक्तीत घरातलं असं माणूस बसणार असेल, तर एक गोष्ट आधी बघावी लागते. पुरणात हरभऱ्याची डाळ असते आणि प्रथिनं लेव्होडोपाला आतड्यातून रक्तात जाताना अडवतात. डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ जेवणाच्या बरीच आधी धरली, तर मांड्याचा घास त्या माणसाला स्वतःच्या हाताने तोंडापर्यंत नेता येण्याची शक्यता वाढते.